मुलीच्या हृदयाला छिद्र आहे, शस्त्रक्रियेसाठी पैसे नाहीत. मदत कुठे मिळेल?

शेतमजुरी करणाऱ्या आई-वडिलांच्या दोन वर्षांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र असल्याचे निदान झाले असून खर्च कसा भागवावा, असे आपण विचारले आहे. माझी कळकळीची विनंती आहे, की दागिने गहाण ठेवण्याआधी त्यांनी जिल्हा रुग्णालय गाठावे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते व जन्मजात हृदयरोग असलेल्या मुलांना मोफत उपचारांसाठी पुढे पाठवले जाते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही ही शस्त्रक्रिया बसू शकते. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेत रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचा, कक्ष असतो, तिथेच चौकशी करावी. गाडी अडते ती बहुधा कागदांवर. मुलीचे नाव शिधापत्रिकेवर चढवलेलेच नसते आणि ती आजारी पडल्यावर बाप तिला कडेवर घेऊन तहसील कार्यालयात हेलपाटे घालतो. म्हणून जन्मदाखला, आधार, शिधापत्रिका आणि इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल एकाच पिशवीत ठेवून दोन-दोन झेरॉक्स आजच काढाव्यात.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, हे तेथील समाजसेवा अधिकाऱ्याला भेटून निःसंकोच मागावे. खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया पूर्णपणे मोफत होतात. ओठ किंवा नखे निळसर दिसू लागल्यास मात्र कागदांसाठी न थांबता तिला तातडीने दाखल करावे.