अर्निस शिकायला निघालास? आधी काठी बघ

अर्निस म्हण, एस्क्रिमा म्हण, नाहीतर काली. फिलिपिन्सच्या या काठीयुद्धाला तिन्ही नावं चालतात. सुरुवातीला वेताचीच काठी घे, साधारण 28 इंचांची. कडक लाकूड तडकलं की ढलपी उडते. वेत मार खाऊन नुसता पिंजतो. मुठीखाली दोन-तीन बोटं काठी मोकळी सोड, जवळ घुसलेल्याला त्या टोकानेही हाणता येतं. इथे हत्यार आधी, रिकामे हात नंतर. माराचे कोन, म्हणजे फटका कुठल्या दिशेने येतो ते, पाठ कर, बऱ्याच ठिकाणी बारा असतात. सिनावालीत, म्हणजे दोन्ही हातांच्या सरावात, दोन काठ्या फिरवताना वेगाची घाई नको, पाय मात्र हलू देत. एकच काठी असली तर मोकळा हात छातीपाशी ठेव, लोंबकळत नको. समोरचा डोक्यापेक्षा तुझा काठीचा हातच आधी टिपतो. डोळ्यांवर संरक्षक गॉगल हवाच. हातमोजे तर तू स्वतःच मागशील!