स्टिअरिंग थरथरते आणि गाडी डावीकडे ओढते: अलाइनमेंटने दोन्ही तक्रारी जातील का?

वेग ९०च्या आसपास गेला की स्टिअरिंग थरथरते, शिवाय सरळ रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढते, आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) केले की दोन्ही तक्रारी मिटतील असे गॅरेजमध्ये सांगितले आहे. ते खरे मानावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मानू नये. थरथर आणि ओढ ही दोन वेगळी दुखणी आहेत. थरथरीचा संबंध बहुधा बॅलन्सिंगशी, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडून सारखे करण्याशी असतो. ओढीचा संबंध अलाइनमेंटशी असू शकतो, पण तोही दरवेळी नसतो.

टायर किंवा रिम सगळीकडून तंतोतंत सारख्या वजनाची कधीच बनत नाही. म्हणून चाक यंत्रावर फिरवून हलकी बाजू शोधतात आणि तेथे रिमच्या आतल्या व बाहेरच्या कडेला काही ग्रॅमची वजने ठोकतात किंवा चिकटवतात. त्यांतले ३० ग्रॅमचे एक वजन निसटून पडले असे समजा. ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी ९० किलोमीटर वेगाला सेकंदाला १३ हून अधिक फेरे घेते, आणि त्या गतीला एवढ्याशा ३० ग्रॅमचा बाहेर खेचणारा जोर सुमारे ४ किलो वजनाइतका होतो. वेग निम्मा केला की हा जोर पाव होतो, त्यामुळे ४५च्या वेगाला काहीच जाणवत नाही. त्यातच चाक आणि सस्पेन्शन (धक्के झेलणारी स्प्रिंगची यंत्रणा) यांची स्वतःची कंप पावण्याची लयही साधारणपणे सेकंदाला १० ते १५ वेळा एवढी असते. दोन्ही लयी जुळल्या की थरथर एकदम वाढते, आणि म्हणूनच ती एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यात सर्वाधिक जाणवते. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाके आधी तपासावीत, सीटखाली किंवा पायाखाली असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल, तर मात्र दोष चाकात न शोधता ब्रेकच्या डिस्कमध्ये शोधावा.

अशाच थरथरीसाठी मी एकदा अलाइनमेंट करून घेतले, आठवड्याने पुन्हा करून घेतले, आणि थरथर जशीच्या तशी राहिली. पुढे एकदा चाक काढून धुताना रिमच्या आतल्या बाजूला ब्रेकच्या काळ्या धुळीत बोटभर लांबीचा एक स्वच्छ चौकोनी ठसा दिसला. चिकटवलेले वजन तेथून गळून पडले होते. रिममध्ये वाळून बसलेला चिखलाचा गोळाही हाच प्रताप करतो, म्हणून बॅलन्सिंगला देण्यापूर्वी चाके आतून धुऊन घ्यावीत. वजने लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य दाखवते का, हे आपण स्वतः पाहावे. मला त्याहून खात्रीची वाटणारी परीक्षा अशी: चाक यंत्राच्या दांड्यावर सैल करून अर्धा फेरा वळवावे, पुन्हा कसावे आणि फिरवावे. आकडा बराच बदलला, तर चाक यंत्रावर नीट मध्यावर बसलेलेच नव्हते.

अलाइनमेंटमध्ये वजनाचा काहीही संबंध येत नाही. चाके गाडीला आणि रस्त्याला कोणत्या कोनात उभी आहेत, एवढेच त्यात मोजतात. वरून पाहिल्यावर चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असणे म्हणजे टो. समोरून पाहिल्यावर चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर झुकलेले असणे म्हणजे कॅम्बर. आणि ज्या अक्षाभोवती चाक वळते त्याचा पुढे-मागे असलेला कल म्हणजे कॅस्टर. टायर सर्वांत लवकर खातो तो टो. चाक पाव अंशाने जरी तिरके असले, तरी दर किलोमीटरला टायर रस्त्यावर सुमारे ४ मीटर आडवा घासला जातो. टायरवरून आडवा हात फिरवून पाहा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर टो बिघडला आहे. एकच कड सपाट झिजली असेल, तर कॅम्बरचा संशय घ्यावा.

गंमत अशी की एवढे नुकसान करणारा टो गाडीला सहसा एका बाजूला ओढत नाही; त्याने स्टिअरिंग वाकडे बसते. ओढीसाठी प्रथम थंड टायरांतील हवा मोजा, कारण डाव्या टायरमध्ये हवा कमी असणे हे सर्वांत साधे कारण आहे. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. त्यामुळे होणारी किंचित ओढ दोष मानू नये. त्यानंतर पुढची दोन चाके आपसांत बदलून पाहावीत (टायर एकाच दिशेने फिरणारे नसतील तरच). ओढ उजवीकडे गेली, तर दोष टायरमध्येच आहे आणि अलाइनमेंटने तो जाणार नाही. बदल झाला नाही, तर पुढचे डावे चाक जास्त गरम होते का, म्हणजे ब्रेक अडकून राहतो का, ते पाहा. एवढे झाल्यावरच कॅम्बर आणि कॅस्टर यांच्याकडे वळावे.

अलाइनमेंट करण्याआधी टाय रॉड (चाक वळवणारा दांडा), बॉल जॉइंट (गोल सांधा) आणि सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतली रबरी नळकांडी) हलवून तपासायला सांगा. हे भाग सैल असताना जुळवलेला कोन पहिल्या खड्ड्यापर्यंतही टिकेल याचा भरवसा नसतो, आणि ते बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावेच लागते. यंत्रावर नेमके आपल्याच गाडीचे मॉडेल निवडले आहे ना, हेही पाहा आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या. अनेक लहान गाड्यांत पुढचा टो एवढाच बदलता येतो. त्यामुळे कॅम्बरचा आकडा लालच, म्हणजे मर्यादेबाहेरच राहिला तर कारागिराने आळस केला असे लगेच समजू नये, वाकलेला एखादा भाग मात्र शोधायला सांगावे.

आपल्या बाबतीत मी चाके धुऊन बॅलन्सिंग, मग हवा आणि चाकांची अदलाबदल, आणि ओढ तरीही राहिली तर शेवटी अलाइनमेंट, असा क्रम ठेवीन. बॅलन्सिंगनंतरही थरथर उरली, तर गाडी जॅकवर घेऊन रिमच्या कडेजवळ एखादी काडी स्थिर धरा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. काडी आणि कड यांतले अंतर कमी-जास्त होत असेल, तर रिम वाकलेली आहे.