‘मला कुठंही चालेल’

“कुठं जायचं हेच ठरत नाहीये, मॅडम. आणि त्यावरून घरात रोज वाजतंय.”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या मनात आलं होतं, यासाठी समुपदेशक कशाला, ट्रॅव्हल एजंट पुरे की. आता तसं वाटत नाही. दरवर्षी सुट्ट्यांच्या आधी दोन-तीन कुटुंबं तरी हाच प्रश्न घेऊन येतात. पहिल्या परदेशवारीत वर्षानुवर्षं साठवलेले पैसे असतात, मुश्किलीने जुळवलेल्या रजा असतात आणि प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एक चित्र असतं, जे त्याने कोणाला सांगितलेलं नसतं. भांडण देशांच्या नावांवरून होतं, पण दुखत असतं भलतीकडेच.

एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

नवरा-बायको, पंधरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि नवऱ्याची आई. पहिल्या भेटीला दोघंच आले. त्याला युरोप हवा होता, तोही दहा दिवसांत पाच देश. ती सिंगापूरवर ठाम होती. तिने चौदा देशांचा तक्ता करून आणला होता. व्हिसा, हवामान, अंतर, खर्च, सगळ्याला गुण दिलेले. मुलीला जपान. मुलाला विमानात खिडकी मिळाली की देश कुठलाही.

“आणि आईंना?”

“आईंचं काही नाही. त्या म्हणतात, मला कुठंही चालेल.”

खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात सिंगापूरवर शिक्का मारून मोकळी झाले होते. छोटा देश, इंग्रजी पाट्या, प्रत्येक मेट्रो स्थानकात लिफ्ट. म्हातारं माणूस आणि लहान मूल बरोबर असताना आणखी काय हवं? समुपदेशकाने सल्ला देण्याची घाई करू नये, हे मी वीस वर्षं इतरांना शिकवते आहे. त्या दिवशी तोंड बंद ठेवलं हे माझं नशीब.

मी नवऱ्याला विचारलं, “पाच देश का?”

“एवढा खर्च करायचा तर सगळं बघून यावं ना!”

“पुन्हा कधी जाणारच नाही?”

“आम्ही जाऊ हो. आईला घेऊन नाही होणार.” मग बऱ्याच वेळाने, खाली बघत, “बाबांना काहीच दाखवता आलं नाही.”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. “हे मला कधी बोलला नाहीस.”

‘पहिली परदेशवारी’ म्हणताना पुष्कळ लोकांच्या मनात ‘एकमेव’ हा शब्द असतो. मग पॅरिस सोडवत नाही, रोम सोडवत नाही, आणि रोज सकाळी सहाला बॅगा भरून बसमध्ये चढण्याला सुट्टी म्हणायची वेळ येते. यांच्या बाबतीत त्या घाईमागे वडिलांचं राहून गेलेलं काहीतरी होतं. ते बोललं गेल्यावर पाच देशांचा हट्ट निम्मा सैल झाला. तेवढ्यावर मी खूश होते. पण ‘कुठंही चालेल’ माझ्या कानात अडकून बसलं होतं.

कुटुंबोपचाराच्या क्षेत्रात मी व्हर्जिनिया सॅटिर यांना फार मानते. ताण आला की घरातली माणसं ठरावीक सोंगं घेतात, असं त्यांचं निरीक्षण होतं: कोणी दोष देतं, कोणी कोरडा हिशेब मांडतं, कोणी विषय भलतीकडे नेतं, आणि कोणी सगळ्यांची मर्जी राखत स्वतःला पुसून टाकतं. तक्ता घेऊन आलेली बायको मला दिसली होती. मर्जी राखणारं माणूस खोलीत आलंच नव्हतं. पुढच्या वेळी मी सगळ्यांना बोलावलं.

“आजी, कुठं जायचं ते राहू द्या. काय नको, ते सांगा.”

“नको असं काही नाही हो. सगळं चालेल मला.”

मुलगा माझ्या टेबलावरची घंटा वाजवत होता. आई त्याला दटावत होती. तो वर न बघताच म्हणाला, “आजी जिन्यात थांबते. वीसपर्यंत मोजते, मग वर येते. मला माहितीये.”

कोणी काही बोललं नाही. घंटा थांबली.

“चालेल चालेल म्हणते गं बाई,” आजी मला म्हणाल्या, “पण चालवत नाही आता. दहा मिनिटं उभी राहिले की गुडघा आग ओकतो. बोलले असते तर म्हणाले असते, आई, तुम्ही घरीच राहा. नाहीतर माझ्यापायी सगळ्यांनी बेत मोडला असता. मला दोन्ही नको होतं.”

आजींच्या मुलाच्या चेहऱ्याकडे मी बघायचं टाळलं. त्याला तेवढी जागा हवी होती. अशा वेळी नवखा समुपदेशक लगेच काहीतरी शहाणपणाचं बोलतो. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसले. या व्यवसायात मला जर काही नीट जमलं असेल, तर ते हेच.

मग सुचला तो प्रश्न अगदी साधा होता. “आणि बसवतं का?”

“बसायला काय झालंय? खिडकी द्या, दिवसभर बसते.”

इथे सगळी उलथापालथ झाली. माझ्या मनातलं सिंगापूरही कोसळलं. विषुववृत्ताला खेटून असलेला तो देश. बारा महिने दमट उकाडा. मुलांसाठी ठरवलेलं बहुतेक सगळं रांगांमधलं, उभं राहून बघायचं. चालणं कमी म्हणून आम्ही ते सोपं समजत होतो, पण या बाईंना उभं राहणं हीच खरी अडचण होती. पाच देशांच्या यादीतल्या व्हेनिसला चारशेहून जास्त पूल आणि बहुतेकांना पायऱ्या. पॅरिसच्या जुन्या मेट्रोत बऱ्याच स्थानकांत लिफ्टच नाही. मुलीने डोळे चमकवत दाखवलेलं क्योतोचं हजारो लाल तोरणद्वारांचं देऊळ म्हणजे अख्खी टेकडी चढणं.

“मग बसून कुठं फिरता येतं?” हे मी नाही, मुलीनेच विचारलं. आगगाडी, बोट आणि मोठी खिडकी. म्हणजे पुन्हा युरोपच, पण पाच देशांऐवजी एकटा स्वित्झर्लंड. एकच मुक्काम इंटरलाकेनला, दोन सरोवरांच्या मध्ये, रोज सामान न हलवता.

मुलगी फुरंगटली. “म्हणजे माझंच कॅन्सल.” मी तिची समजूत घातली नाही. या वेळी तिचं होणार नव्हतं, हे खरं होतं. “हो. तुझं राहतंय,” एवढंच म्हणाले. वडिलांनाही सांगितलं, पुढच्या वर्षी जपान नक्की, असलं वचन देऊ नका. तुमच्या हातात नाही ते. दोन आठवड्यांनी तिनेच वेळापत्रकांचा ताबा घेतला. त्या देशात गाडी, बस आणि बोट यांच्या वेळा एकमेकींना धरून असतात, याचं तिला वेडच लागलं.

युंगफ्राउयोख या आल्प्समधल्या बर्फाळ खिंडीचा दिवस तेवढा वादाचा ठरला. १९१२पासून तिथे डोंगराच्या पोटातून आगगाडी जाते. स्थानक ३,४५४ मीटरवर. त्या उंचीवर हवा विरळ, आजींना रक्तदाब. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. नवऱ्याला आपल्या आईला बर्फात उभं करायचंच होतं. आजी म्हणाल्या, “बर्फ दिसला की झालं. त्याच्यावर उभं कशाला राहायचं?” त्या दिवशी आजी आणि सून खाली बोटीत बसणार, असं ठरलं. दोघींनी एकमेकींबरोबर दिवस काढायचं कबूल करणं, हे माझ्या लेखी देश ठरण्यापेक्षा मोठं होतं.

तेव्हापासून या प्रश्नाने हैराण झालेल्यांना मी देशांची यादी बाजूला ठेवायला सांगते. आधी प्रत्येकाने, लहानांनीसुद्धा, एकेका कागदावर ‘मला काय झेपत नाही’ ते लिहायचं. ‘काय आवडतं’ याची उत्तरं जाहिरातीतून येतात, ‘काय झेपत नाही’ याची स्वतःच्या शरीरातून. कागद कोरा आला तर त्या माणसापाशी जाऊन बसायचं. ‘चालेल’ला होकार समजू नका.

मग अंतर. नुसते विमानाचे तास मोजू नका, घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंतचे मोजा. घड्याळ जितके तास सरकतं, जवळपास तितके दिवस शरीराला जुळवून घ्यायला लागतात, आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो. पाच-सहा दिवसांचीच रजा असेल, तर जवळचा देश निवडण्यात कमीपणा काही नाही. विमानात चार तासांपेक्षा जास्त बसायचं असेल तर पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वयस्करांना मधूनमधून उठवा, डॉक्टरांना आधी विचारा. चाकाची खुर्ची तिकिटाबरोबरच मागून ठेवा. विमानतळावर गेल्यावर मागायला आपली माणसं लाजतात.

देशावरून भांडण्याआधी सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडा. अनेक देशांना प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिन्यांची मुदत लागते. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण पंचेचाळीसपर्यंतही लांबू शकतो. महिनाभर वाद घालून शेवटी तारखाच हुकलेलं एक कुटुंब मी पाहिलं आहे. तेव्हाही त्यांना एकमेकांचाच राग आला होता.

हे कुटुंब परत आल्यावर आजी मुद्दाम मला भेटायला आल्या, नातवाचा हात धरून. बर्फाचे फोटो नातवाने दाखवले. आजींनी एकच दाखवला, ब्रिएंत्सच्या सरोवरातल्या वाफेच्या बोटीचा, बाजूला मोठी चाकं असलेल्या.

“१९१४ची आहे म्हणे,” त्या म्हणाल्या. “माझ्याहून केवढी थोरली! अजून चालते.”