‘प्रेग्नंट’ या इंग्रजी शब्दाला मराठीत कोणते समानार्थी शब्द आहेत? गर्भवती, गरोदर, पोटुशी, गाभण यांत काही फरक आहे का?

फरक आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे. शब्दकोशात हे चारही शब्द एका ओळीत छापलेले असले तरी त्यांपैकी कोणताही उचलून कुठेही ठेवता येत नाही. मी सांगली जिल्ह्यात तासगावजवळ राहतो, बरीच वर्षे मराठी शिकवले आहे आणि आरोग्यविषयक माहितीपत्रकांचे मराठीकरण तपासण्याचे कामही केले आहे. त्या आधारावर उत्तर देत आहे.

मूळ इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला असून ‘जन्माच्या आधीची’ अवस्था असा त्याचा धात्वर्थ सांगितला जातो. इंग्रजीत तो स्त्रीला, गाईला आणि लाक्षणिक अर्थाने एखाद्या शांततेलाही लागतो. मराठीने या तीन ठिकाणांसाठी तीन वेगळ्या वाटा ठेवल्या आहेत, म्हणून आधी कोणाविषयी बोलायचे आहे ते ठरवावे आणि मग शब्द निवडावा.

स्त्रीविषयी लिहिताना ‘गरोदर’ हा सर्वांत निर्धोक शब्द आहे. अंगणवाडीच्या नोंदवहीत ‘गरोदर माता’ असेच लिहिलेले असते, आशाताई घरोघरी तोच शब्द वापरतात आणि म्हाताऱ्या बायकांनाही तो परका वाटत नाही. ‘गर्भवती’ हा त्याहून संस्कृत वळणाचा असल्याने शासकीय पत्र, बातमी किंवा ग्रंथ यांत शोभतो. ‘सगर्भा’ आणि ‘अंतर्वत्नी’ हे पुस्तकी आहेत; जुने काव्य वाचताना कळावेत एवढ्यापुरते ते माहीत असले म्हणजे पुरे. नामे वापरताना मात्र सावध असावे. ‘गर्भधारणा’ म्हणजे गर्भ राहण्याची घटना आणि ‘गरोदरपण’ किंवा ‘गर्भारपण’ म्हणजे तो सबंध काळ. ‘गर्भधारणेत पालेभाज्या खाव्यात’ असे वाक्य मी अनेक पत्रकांत पाहिले आहे. तेथे ‘गरोदरपणात’ हवे.

‘पोटुशी’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या बिनचूक असला तरी त्याचा भाव बोलणाऱ्यावर अवलंबून असतो. घरातली वडीलधारी बाई ‘सून पोटुशी आहे, तिला जड उचलू देऊ नका’ असे म्हणते तेव्हा त्यात माया असते. तोच शब्द अविवाहित मुलीविषयी कुजबुजीत आला की तो शिक्का होतो. त्यामुळे अनोळखी स्त्रीविषयी किंवा लेखी मजकुरात मी तो वापरणार नाही. ‘दोन जिवांची’ या शब्दप्रयोगाला असा धोका नाही. त्यात काळजीच आहे, आणि त्याचे मूळही जुने आहे: चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते म्हणून स्त्री द्विहृदया, अर्थात ‘दौहृदिनी’ होते, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. आपला ‘डोहाळे’ हा शब्द ‘दोहद’ या त्याच कुळातल्या शब्दावरून आला आहे.

बोलण्यात आपल्याकडे थेट शब्द टाळून ‘तिला दिवस गेले’, ‘दिवस आहेत’ असे म्हणण्याची रीत आहे. मालिकांच्या भाषांतरित संवादांतून ‘पाय भारी झाले’ हा हिंदी प्रयोग शिरू लागला आहे. मराठीत पाऊल जड होते ते जाववत नाही म्हणून, त्याचा गर्भाशी संबंध नाही.

येथे महिन्यांच्या मोजणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण यात शब्दांबरोबर प्रकृतीचाही प्रश्न आहे. ‘तिसरा लागला’ म्हणजे दोन महिने पूर्ण होऊन तिसरा सुरू झाला, आणि ‘तीन भरले’ म्हणजे तिसरा संपला. या दोहोंत जवळजवळ महिन्याचे अंतर पडू शकते. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 40 आठवडे, म्हणजे 280 दिवस मोजतात, जरी प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होत असली तरी. प्रसूतीची अपेक्षित तारीख काढण्याचा प्रचलित नियम पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवण्याचा आहे. आपल्या बायका ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणत आल्या, ते त्याच्या किती जवळ आहे पाहा. म्हणूनच दवाखान्यात ‘कितवा महिना?’ या प्रश्नाला नुसता आकडा न सांगता पाळीची तारीख सांगावी, असे मी प्रत्येक पत्रकात आवर्जून लिहायला लावतो.

वैद्यकीय कागदावर ‘ग्रॅव्हिडा’ असा शब्द दिसतो. लॅटिनमध्ये त्याचा संबंध ‘जड, भारावलेली’ या अर्थाशी आहे आणि त्यापुढचा आकडा कितव्यांदा गर्भ राहिला ते सांगतो. पहिल्यांदाच गरोदर असलेल्या स्त्रीला ते ‘प्रायमीग्रॅव्हिडा’ लिहितात; मराठीत तिच्यासाठी ‘पहिलटकरीण’ हा नेमका शब्द आधीपासून आहे आणि तो मागे पडू नये असे मला मनापासून वाटते. ‘बाळंतीण’ मात्र या यादीत घालू नये, कारण ती अवस्था प्रसूतीनंतरची आहे. नुकतीच प्रसूत झालेली ती ‘ओली बाळंतीण’.

आता ‘गाभण’. गर्भ, गाभा, गाभण ही एकाच मुळाची पिलावळ आहे, परंतु ‘गाभण’ फक्त जनावरासाठी. माणसासाठी तो वापरणे हा अपमान आहे. उलट गोठ्यात ‘गर्भवती गाय’ म्हटले तर ऐकणाऱ्याला ते चमत्कारिक वाटेल. आमच्या जिल्ह्यात आटपाडीकडे खिलार जनावरे आणि जत तालुक्यात माडग्याळ मेंढी सांभाळणारी माणसे आहेत, त्यांची या विषयातली शब्दसंपत्ती शब्दकोशापेक्षा बारकाईची आहे. गाय माजावर येते, ती भरवली जाते, म्हणजे तिचा वळूशी संयोग घडवतात; गर्भ न राहता पुन्हा माजावर आली तर ती ‘उलटली’; राहिला तर ती गाभण; गर्भ अकाली पडला तर ती ‘गाभडली’; आणि दिवस भरले की ती विते. पहिल्यांदा विणारी ‘पहिलारू’, नंतरची दुसऱ्या किंवा तिसऱ्या ‘वेताची’. गाईचे दिवस साधारण 280 ते 285, म्हशीचे सुमारे 310 आणि शेळी-मेंढीचे सुमारे 150 असतात. गाईचा काळ स्त्रीच्या काळाच्या इतका जवळ असूनही शब्द वेगळे राहिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पिकालाही ही भाषा लागते. कणीस बाहेर पडण्यापूर्वी शेंड्याचे आवरण फुगते, तेव्हा शाळू ‘पोटरीत आला’ म्हणतात आणि कणीस दिसू लागले की तो ‘निसवला’. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने तर ढगांनाही गर्भ राहतो असे मानून, 195 दिवसांनी त्यांचा प्रसव म्हणजे पाऊस होतो, अशी गणना मांडली होती.

राहिला लाक्षणिक अर्थ. इंग्रजीत शांततेला हे विशेषण लावतात तेव्हा मराठीत ‘गर्भवती शांतता’ असे भाषांतर करू नये. आपल्याकडे ‘गर्भ’ समासात शेवटी येतो: अर्थगर्भ मौन, आशयगर्भ ओळ, हेतुगर्भ प्रश्न, उपहासगर्भ हसू. आत नेमके काय भरले आहे ते समासातला पहिला शब्द सांगतो, त्यामुळे त्या शांततेत अर्थ दडला आहे की हेतू, हे भाषांतर करणाऱ्याला आधी ठरवावे लागते.