वाशीतल्या दुकानात सिमवालं स्वाइप मशीन दाराशी चालतं, पण गल्ल्यावर 'कनेक्टिंग'वरच अडकतं. काय करावं?

दाराशी चालतंय ना, मग मशीन ठणठणीत आहे. तुमच्या गल्ल्यापाशी रेंज नाही, एवढंच. आमचं नौपाड्यात साड्यांचं दुकान, जुन्या इमारतीत, बोळासारखं आत आत जाणारं, वर लोखंडी कपाटं. पहिला महिनाभर मी गिऱ्हाइकांना पिन टाकायला चक्क फुटपाथवर नेत होतो.

मशीनमधलं सिम कुठल्या कंपनीचं ते बघा. त्याच कंपनीचा फोन गल्ल्यावर ठेवून इंटरनेट चालतं का पाहा, आणि तेही संध्याकाळी, गर्दीच्या वेळी. नाही चाललं तर बँकेकडे सिम बदलून मागा. मशीन बदलून काही होणार नाही. दुकानात वायफाय असेल तर ते जोडा. पण बरीच मशीनं फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, ५ चं त्यांना दिसतच नाही. माझी एक अख्खी दुपार यात गेली, पासवर्ड चुकतोय असंच वाटत होतं. शेवटी राउटरवर दोन्हींना वेगळी नावं दिली, तेव्हा सुटलं.

आता खरी काळजीची गोष्ट. पाडव्याच्या आदल्या दिवशी एका बाईंचं ४,२०० रुपयांचं बिल झालं. मशीन फिरत राहिलं, पावती आली नाही, मागे रांग. मी घाईत कार्ड पुन्हा घातलं. पावती एकच निघाली, पण त्यांच्या फोनवर मेसेज दोन आले. बाईंचा चेहरा आणि माझा घाम, दोन्ही अजून आठवतात. तेव्हापासून पावती अडकली की आधी मशीनच्या मेनूत शेवटचा व्यवहार बघतो, मग गिऱ्हाइकाचा मेसेज, आणि त्यानंतरच काय ते पुढचं. अशा वेळी मशीन लगेच बंद करू नका. अर्धवट राहिलेला व्यवहार रद्द करायचा निरोप ते नेटवर्क आलं की सहसा स्वतःच पाठवतं. खात्यातून पैसे गेले आणि दुकानात मंजुरी आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहारानंतर ५ दिवसांत ते परत यायला हवेत, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. बाईंना मी हेच कागदावर लिहून दिलं, सोबत माझा नंबर. पैसे परत आले, बाईही पुन्हा आल्या.

रात्री सेटलमेंट, म्हणजे दिवसभराचे व्यवहार खात्यात जमा व्हायला बँकेकडे पाठवणं, होतं का तेही बघा. काही मशीनवर ते हाताने करावं लागतं, आणि राहिलं की दुसऱ्या दिवशी खात्यात खडखडाट. रुपे डेबिट आणि यूपीआयवर २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे बँक कापते ते शुल्क, नाही. बाकीच्या डेबिट कार्डांवर, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर, जास्तीत जास्त ०.४० टक्के. क्रेडिट कार्डाचा दर आणि मशीनचं भाडं मात्र लेखी घ्या.

आणि पावती कोरी निघाली तर घाबरू नका. रोलवर नखाने ओरखडा काढा. ज्या बाजूला काळी रेघ उमटते, ती बाजू छापणाऱ्या पट्टीकडे यायला हवी. आमच्या बाबांनी अशाच कोऱ्या पावतीवरून मशीन परत करायला पिशवीत भरलं होतं.