संस्थानांत जनगणना कोण करायचं, इंग्रज की संस्थानिक?

माणसं संस्थानाची, तारीख आणि तक्ते इंग्रजांचे. बडोद्याचंच घ्या. सयाजीराव गायकवाडांच्या दरबाराने आपला अधिकारी नेमला, अहवालही वेगळा छापला. पण मोजणीची रात्र साऱ्या हिंदुस्थानची तीच, १ मार्च १९०१. आधी घरांवर नंबर टाकायचे, मग तलाठी, शाळामास्तर अशा मंडळींनी दारोदार फिरून कच्ची नोंद करायची. ठरल्या रात्री पुन्हा तीच फेरी: मेलेले-गेलेले खोडायचे, जन्मलेले-आलेले चढवायचे. पुढे माणशी एक चिठ्ठी करून हातानेच वर्गवारी. (कारकुनांचे हाल विचारू नका!) आणि निघालेला आकडा भयंकर होता. १८९१ मध्ये २४ लाखांवर असलेली वस्ती साडेएकोणीस लाखांवर आली होती. मुख्य कारण १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ.