टाइप २ च्या गोळ्या चालू आणि वजन उतरतंय? माझा 'लाडा'चा अनुभव

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ ३८ वर्षांचा, अंगाने बारीक. दोन वर्षं मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, पथ्य कडक, तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ११ वर गेलं आणि सात-आठ महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. आता डॉक्टर इन्सुलिन म्हणताहेत, आणि आई म्हणतात, "एकदा सुई लागली की संपलं." सुई घ्यावी की अजून एक गोळी वाढवून बघावी, असं तुम्ही विचारलंय.

घ्यावी. गोळी वाढवण्यात मी स्वतःची दोन वर्षं घालवली आहेत, म्हणून इतकं ठाम सांगतो. मात्र हा टाइप २ नसून लाडा, म्हणजे मोठ्या वयात सावकाश येणारा टाइप १, असू शकतो. म्हणून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दोन रक्ततपासण्यांबद्दल विचारा: जीएडी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड. त्या काय आहेत ते खाली सांगतो. आणि आजच्या आज मेडिकलमधून लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून अंगात साठणारं आम्ल) तपासायच्या पट्ट्या आणा. पट्टी गडद जांभळट झाली, किंवा मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं यातलं काही सुरू झालं, तर कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी गाठा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. २०१६ मध्ये कंपनीच्या मेडिकल चेकअपमध्ये माझी उपाशीपोटीची शुगर २४६ निघाली. वय ४१, वजन ५८ किलो. डॉक्टर म्हणाले, चाळिशी आली, शिफ्टची नोकरी, रविवारची मिसळ, टाइप २ आहे. गोळ्या सुरू झाल्या. पहिले चार-पाच महिने आकडे छान उतरले आणि मग हळूहळू वर चढायला लागले. दुसरी गोळी, तिसरी गोळी. भात बंद, साखर बंद, फेब्रुवारीत निफाडहून मेहुण्याने पाठवलेली द्राक्षाची पेटी शेजाऱ्यांना. कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड, जो भेटेल त्याचा एक उपाय. पट्ट्याला खिळा-हातोडीने मीच दोन नवीन भोकं पाडली. वजन ४९ वर आलं.

या सगळ्यात दुखलं ते वेगळंच. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "पथ्य पाळत नाही तुम्ही." एकदा बायकोने धुवायला काढलेल्या पँटच्या खिशात चॉकलेटचा कागद सापडला. मुलाने रस्त्यात टाकू नये म्हणून मी तो खिशात ठेवला होता. तिने तो ओट्यावर सरळ करून ठेवला आणि काहीच बोलली नाही. त्या संध्याकाळी मला स्वतःचाच संशय यायला लागला, की मी खरंच झोपेत उठून खातो की काय.

आमच्याकडे लाइनवर एकाच साइझचे जॉब सारखे रिजेक्ट व्हायला लागले, तर ऑपरेटरला झापायच्या आधी गेज तपासतात, मटेरियल तपासतात. माझ्या बाबतीत दोन वर्षं सगळे ऑपरेटरलाच झापत होते, आणि मीही त्यांच्यातलाच एक होतो.

शेवटी एका मित्राच्या आग्रहाने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल नंतर उघडली, आधी विचारलं, "वजन किती होतं, किती झालं? घरात कुणाला थायरॉइड, कोड, संधिवात?" आईला थायरॉइड, बहिणीला कोड. त्यांनी या दोन तपासण्या लिहून दिल्या. रक्त मुंबईच्या लॅबला गेलं, पाच दिवसांनी रिपोर्ट आला. जीएडी भरपूर पॉझिटिव्ह. सी-पेप्टाइड ०.५ नॅनोग्रॅम, आणि त्याच वेळची शुगर २१०.

या प्रकाराला लाडा म्हणतात. लेटंट ऑटोइम्यून डायबेटिस इन अॅडल्ट्स या नावाची आद्याक्षरं. नाव तेवढं लाडाचं. लहान मुलांना होतो त्या टाइप १ चाच हा सावकाश चालणारा भाऊ. शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाच शत्रू समजून मारत सुटते. मुलांमध्ये हे झपाट्याने होतं, मोठ्यांमध्ये महिने, कधी वर्षं लागतात, म्हणून सुरुवातीला गोळ्यांनी भागल्यासारखं वाटतं. जीएडी अँटिबॉडी म्हणजे त्या हल्ल्याचा रक्तात सापडणारा पुरावा. अगदी काठावर पॉझिटिव्ह आली तर डॉक्टर दुसरी एखादी अँटिबॉडीही बघतात, कारण थोडीशी पॉझिटिव्ह फसवीही असू शकते.

सी-पेप्टाइडचं गणित मला लगेच कळलं, कारण ते आमच्या कामासारखंच आहे. शरीर आधी एक लांब साखळी बनवतं आणि ती कापतं. एक तुकडा इन्सुलिन, एक सी-पेप्टाइड. जितके जॉब, तितकेच ऑफकट. ऑफकट मोजले की आतलं मशीन किती माल काढतंय ते कळतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, त्यामुळे इन्सुलिन सुरू झाल्यावरही ही तपासणी करता येते. म्हणजे तपासणी राहिली म्हणून सुई लांबवायचं कारण नाही. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने दिलेल्या रेषा आपल्या लॅबच्या भाषेत साधारण अशा येतात: ०.९ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर टाइप १ सारखेच उपचार, २.१ च्या वर असेल तर अजून बराच माल शिल्लक, आणि मधले असतील त्यांनी दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. हा आकडा एकटा वाचू नका. त्याच नमुन्यातली शुगर शेजारी हवीच. शुगर ६० असताना सी-पेप्टाइड निरोगी माणसाचंही कमी येऊ शकतं. आणि कित्येक महिने शुगर चढलेली असेल तर स्वादुपिंड दमून तात्पुरतं कमी काढतं.

पहिल्या डॉक्टरांवर मी आता तितका चिडत नाही. बारीक माणसाला टाइप २ होणं आपल्याकडे अजिबात नवीन नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला फोटो बघा. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण अंगातली चरबी यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे वरून काटक दिसणारा मराठी माणूस आतून तसा असेलच असं नाही. त्यामुळे भाऊ बारीक आहे एवढ्यावरून लाडा ठरवू नका. वजन आपोआप उतरणं, गोळ्या लवकर थकणं, घरात थायरॉइड-कोडासारखे आजार, यातलं दोन-तीन एकत्र आलं की तपासणी मागायची. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात टाइप २ म्हणून घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे १० टक्के लोकांत जीएडी अँटिबॉडी सापडल्या होत्या. टेरेसा मे ब्रिटनच्या गृहमंत्री असताना २०१२ मध्ये त्यांनाही आधी टाइप २ च सांगितलं होतं. गोळ्या चालल्या नाहीत आणि पुढच्या वर्षी टाइप १ निघालं. तिथे गृहमंत्र्यांचं हे होतं, तर सातपूरच्या इन्स्पेक्टरचं काय घेऊन बसलात.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर डॉक्टरांशी गोळ्यांबद्दल नीट बोला. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या थकलेल्या पेशींना चाबूक मारून इन्सुलिन काढायला लावतात. लाडामध्ये त्या टाळतात. दुसरी डापाग्लिफ्लोझिन. २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून ती स्वस्त झाली आणि आता बऱ्याच चिठ्ठ्यांवर दिसते. टाइप २ ला आणि हृदय-किडनीला चांगलं औषध आहे, पण ज्याच्या अंगात इन्सुलिनच कमी आहे त्याला तिच्यामुळे कीटोनचं विष होऊ शकतं, तेही शुगर फारशी चढलेली नसताना. मीटर १८० दाखवतो आणि माणूस आतून आम्लात बुडत असतो. भावाच्या चिठ्ठीत ती असेल, किंवा 'वाढवून बघू' ती गोळी हीच असेल, तर हा प्रश्न विचाराच. मात्र माझं वाचून घरच्या घरी काही बंद करू नका.

आता सुई. पहिल्या रात्री इन्सुलिनचा पेन हातात घेऊन मी पलंगाच्या कडेवर पंधरा मिनिटं बसलो होतो. सुई चार मिलिमीटरची, केसाएवढी. आधी दोन युनिट हवेत सोडायचे, टोकावर थेंब आला पाहिजे. तो थेंब मी ट्यूबलाइटकडे धरून बघितला. बँडेजच्या पट्टीसारखा औषधी वास आला. पोटाला बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून टोचलं, बटण दाबलं, मनात दहापर्यंत मोजलं. झालं. बोटाला शुगर तपासायला टोचतो ते याहून जास्त दुखतं. बायकोने कालनिर्णयवर तारखेखाली युनिट लिहिले आणि मग बराच वेळ तिथेच पाठमोरी उभी राहिली. किती युनिट ते इथे लिहीत नाही, कारण तो आकडा माझा आहे. भावाचा वेगळा असेल. तीन महिन्यांत पट्ट्याचं एक भोक परत मागे गेलं.

आईंना सांगायला एक. लोकांनी पाहिलेलं असतं की अमक्याला इन्सुलिन लागलं आणि वर्षभरात किडनी गेली. क्रम उलटा असतो. वर्षानुवर्षं शुगर चढी राहून किडनी बिघडते, तोवर सुई टाळलेली असते, आणि मग नाव सुईचं होतं. आमचे मामा क्रिकेटवेडे. त्यांना मी वसीम अक्रम सांगितला. १९९७ पासून इन्सुलिनवर, आणि २००३ च्या विश्वचषकात वनडेतली ५०० वी विकेट. मामा त्यानंतर सुईवर बोलले नाहीत, अक्रमवर तासभर बोलले.

चुका माझ्याही झाल्या. एका लग्नाला गावी गेलो आणि पेन घरी राहिला. पेनमध्ये बसवायची इन्सुलिनची नळी, म्हणजे कार्ट्रिज, पिशवीत होतं. मेडिकलवाल्याकडून सिरिंज घेतली, कार्ट्रिजमधून दहाच्या रेघेपर्यंत ओढलं आणि टोचलं. सिरिंज लाल टोपणाची होती. लाल टोपण म्हणजे ४० ची सिरिंज, कुपीतल्या ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी. पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मिलिलिटरला १०० युनिट असतात, त्यांना नारिंगी टोपणाची १०० ची लागते. दहाच्या रेघेवर पाव मिलिलिटर, म्हणजे माझ्या पोटात दहाऐवजी पंचवीस युनिट गेले. गेज वाचणं हाच धंदा असलेल्या माणसाने हे केलं. रात्रभर दर दोन तासांनी शुगर तपासत लग्नाचे लाडू खाल्ले, डॉक्टरांना फोनवर जागं ठेवलं. आता पेन विसरलो तर मेडिकलमधून नवा पेनच घेतो.

शुगर ७० च्या खाली गेली की घाम, हात कापणं, भलतीच भूक. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. पेढा किंवा चॉकलेट नको, स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. मला हे पहिल्यांदा द्वारका चौकात सिग्नलला गाडीवर असताना झालं. गाडी कडेला लावली आणि चावी काढून खिशात टाकली, कारण त्या अवस्थेत 'जाऊ हळूहळू' असं डोकं सांगतंच. भावाच्या गाडीत आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ग्लुकोज ठेवा. एकादशीचे उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. साबुदाणा शुगर कुठे नेतो ते मीटरवर एकदा बघितलं की श्रद्धा आपोआप भगरीकडेही जात नाही, काकडीकडे जाते.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा वापरातलं इन्सुलिन गाडीच्या डिकीत कधीच नको. न उघडलेलं फ्रिजच्या दारात, फ्रीजरमध्ये नाही. गोठलं तर फेकून द्या. लाइट गेली तर पिशवीत बांधून माठाच्या गारव्याला ठेवतो. गोळे कॉलनीतून, म्हणजे नाशिकच्या औषधबाजारातून, एकदम दोन महिन्यांचं घेतलं तर आइस पॅक मागून घ्या.

अजून एक धोका. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही जणांची शुगर एकदम इतकी सुधारते की डोस घटवावा लागतो. उरलेल्या पेशींना विश्रांती मिळते म्हणून तसं होतं, आणि ते काही महिनेच टिकतं. नेमकं तेव्हाच कुणीतरी 'डायबेटिस रिव्हर्स' करणाऱ्या शिबिराचा मेसेज पाठवतं. टाइप २ वाल्यांना वजन कमी करून त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण लाडा असलेल्याने इन्सुलिन सोडलं तर तो आयसीयूत जाऊ शकतो. भावाचा फोन तुमच्या हाती असेल तर असे मेसेज सरळ उडवा.

थायरॉइडची तपासणी त्याच रक्तात करून घ्या, हे आजार जोडीने येतात. माझं पुढच्याच वर्षी निघालं.

रिपोर्ट आले की आकडे इथे टाका, सी-पेप्टाइडच्या वेळची शुगर विसरू नका. आणि कीटोनची पट्टी आज.